घट बसायच्या आधी

घट बसायला अकरा दिवस राहिले होते आणि सुवर्णाने अजून घर काढायला घेतलं नव्हतं.

घर काढायचं म्हणजे नुसतं झाडून-पुसून भागत नाही. फडताळातले डबे, माळ्यावरची भांडी, पेट्या, अंथरुणं, सगळं अंगणात आणायचं. जळमटं पाडायची, भिंती पुसायच्या, डबे घासून उन्हात पालथे घालायचे आणि घरातली एकूण एक गोधडी धुवायची. मग देवीपुढे माती पसरून घट मांडायचा. मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या कडेला मळ्यात राहणारी सगळी घरं हे करत होती. शेजारच्या कुसाबाईच्या अंगणात तर दोन दिवसांपासून भांड्यांचे ढीग लागले होते.

पण कुसाबाईकडे दीड एकर झेंडू नव्हता. सुवर्णाकडे होता. दसऱ्यावर धरलेला झेंडू कळीवर आला होता आणि मध्येच पाऊस लागून राहिल्यामुळे गवत कमरेएवढं माजलं होतं. खुरपायला बाया मिळत नव्हत्या. हरसूलकडून दरवर्षी येणारी भिमाबाईची टोळी यंदा द्राक्षछाटणीला बांधली गेली होती. त्यामुळे संतोष फवारणीला आणि सुवर्णा खुरप्याला, असं सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत चाललं होतं. त्याआधी दोन्ही मुलांचे डबे, त्यांची शाळेची गाडी, गाईचं शेणपाणी.

हंगामात घर कसं ठेवायचं हे तिने लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मनाशी ठरवून टाकलं होतं. आरशासारखं ठेवायला जायचं नाही, पण घाणही होऊ द्यायची नाही. रात्री मोरीत खरकटं राहू द्यायचं नाही. झाडू दोन वेळा. मुलांचे कपडे रोजच्या रोज, संडास-बाथरूम रविवारी. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या झाल्या नाहीत तर ढीग कॉटवर टाकून वरून चादर घालायची. बाकीचं दसरा झाल्यावर. दाराशी तिने पाण्याचा टब आणि पोतं ठेवलं होतं, की येणाऱ्याने पाय धुऊन आत यावं. ती आणि मुलं पाय धुवत. संतोष चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाई. बाहेरच्या खोलीत फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि खताच्या गोण्या त्यानेच आणून टाकलेल्या होत्या. "चोरीला जातं," तो म्हणे. त्या गोण्यांच्या मागे काय काय साठत होतं ते सुवर्णाला माहीत होतं, पण एका माणसाने हलतील अशा त्या नव्हत्या.

"दोन दिवस तुम्ही घरी हात द्या," तिने त्याला जेवताना सांगितलं. "निदान गोण्या हलवा. नाहीतर दोन बाया बघा, मी घरी थांबते."

"बाया असत्या तर शेतात नसत्या घातल्या?" संतोष म्हणाला. "या वर्षी वरवरचं कर. देवी काय कपाटात डोकावून बघती?"

कोपऱ्यात सुवर्णाची सासू रंगूबाई वाती वळत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. तीन वर्षांपासून गुडघे धरले होते, पण स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं. लसूण सोल, वाती वळ, शेंगा फोड, काही ना काही हातात हवंच. तिच्या काळात घट बसायच्या आधी सात-आठ माणसांच्या गोधड्या तिने एकटीने कालव्यावर धुतल्या होत्या. हे ती वर्षातून एकदा सांगायची आणि ते दिवस आता आले होते.

सुवर्णाने मग धाकट्या जावेला फोन केला. रविराज, संतोषचा धाकटा भाऊ, नाशकात इंदिरानगरला राहायचा, सातपूरला कंपनीत होता. त्याची बायको हर्षाली घरीच असायची. घट मळ्यातल्या घरी बसायचा, तो दोघा भावांचा मिळून.

"अगं हर्षाली, गोधड्यांचं तेवढं तू बघशील का? तुझं मशीन मोठं आहे. नाहीतर लाँड्रीत टाक. बारा आहेत."

"हो ताई, त्यात काय. रविवारी आम्ही गाडी घेऊन येतोच. तुम्ही फक्त बांधून ठेवा."

सुवर्णाच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. शनिवारी संध्याकाळी तिने गोधड्यांची तीन गाठोडी बांधली आणि ओट्यावर भिंतीला लावून ठेवली.

रविवार गेला. कुणी आलं नाही. सोमवारी सकाळी फोन लावला तर हर्षाली म्हणाली, "ताई, काल अचानक पाहुणे आले हो, फोन करायचंच राहिलं. बुधवारी नक्की."

गाठोडी ओट्यावरच राहिली. ओटा रस्त्याला लागून. येणारी-जाणारी प्रत्येक बाई गाठोड्यांकडे बघायची आणि रंगूबाईला विचारायची, "काय आत्याबाई, धुवायच्या का धुतलेल्या?" सोमवारी दुपारी कुसाबाई येऊन बसली. दोन वेळा चहा झाला. ती गेल्यावर रंगूबाईचं तोंड उतरलेलं होतं.

संध्याकाळी सुवर्णा शेतातून आली तेव्हा सासू गाठोड्याची गाठ सोडत बसली होती.

"आई, हे काय करताय?"

"चार-चार करून धुते मी. हौदावर बसल्या बसल्या."

"नका. तिथं शेवाळ झालंय, परवा मीच घसरले होते. हर्षाली परवा येणार आहे. नाही आली तर मी धुईन, रात्र झाली तरी धुईन. पण तुम्ही हात लावू नका."

"लोकं तोंडात शेण घालायला लागली."

"घालू द्या. तुम्ही हौदाकडं जायचं नाही, सांगून ठेवते."

तिने गाठ पुन्हा आवळली. त्या वेळी ओट्यावर त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, तेव्हा सुवर्णा झेंडूच्या मधल्या वाफ्यात होती. ती खुरपं टाकून पळत आली. हौदाजवळ साबणाचं पाणी पसरलं होतं. दोन गोधड्या धुऊन तारेवर घातलेल्या होत्या, तिसरी दगडावर अर्धी, आणि तिच्या शेजारी रंगूबाई ओल्यात बसून होती. उजवा हात तिने डाव्या हातावर तोलून धरला होता. मनगट वाकडं झालेलं लांबूनही दिसत होतं. ती रडत नव्हती. "काय नाय, मुरगळलाय," एवढंच म्हणत होती.

पंचवटीतल्या हाडाच्या डॉक्टरने फोटो काढला, हाड बसवलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. रविराज कंपनीतून तसाच आला होता. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून तो म्हणाला, "वहिनी, आईला या वयात गोधड्या धुवायची वेळ आली?"

"मी नको म्हटलं होतं. काल संध्याकाळीच सांगितलं होतं."

"सांगितलं असतं तर ती गेली असती का? तिला दिसत असणार ना, दुसरं कुणी करणार नाही."

सुवर्णाने संतोषकडे बघितलं. तो गोळ्यांची पिशवी चाचपत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "दोन दिवसांचं तर काम होतं. काढायचं होतं कसं तरी."

मग लोक बघायला यायला लागले. गावातले, भावकीतले, सिन्नरहून रंगूबाईची बहीण. दुखणाईत माणसाला बघायला आलेली माणसं आधी माणसाला बघतात, मग घराला. खताच्या गोण्यांवरून त्यांची नजर फिरे, कॉटवरच्या चादरीखालच्या ढिगावर थांबे, छताच्या कोपऱ्यात जाई. सुवर्णा चहाचे कप आणायची, न्यायची, धुवायची. सकाळी खुरपायचं ते आता दुपारी उन्हात खुरपायला लागली, कारण सकाळी रंगूबाईला आंघोळ घालायची, वेणी घालायची, घास भरवायचा. प्रत्येक जण जाताना एकच बोलत असे. "काळजी घे हो म्हातारीची."

शनिवारी हर्षाली आली. येणार हे तिने सुवर्णाला सांगितलं नव्हतं, संतोषला सांगितलं होतं. सुवर्णा त्या वेळी फुलांच्या तोड्यावर होती. घटाच्या बाजाराला पहिली फुलं जायची होती, सकाळपासून ओणवं राहून पाठीचा काटा ढिला झाला होता. दुपारी तीनला ती शेवटची जाळी डोक्यावर घेऊन घराकडे वळली आणि अंगणाच्या कडेलाच थांबली.

तिचं घर अंगणात पडलं होतं. सगळं. डबे, कढया, पोरांची जुनी दप्तरं, तिच्या लग्नातली पेटी उघडी, तिच्यातल्या साड्या बाजेवर. कॉटखाली टाकलेले फाटके परकर, कापडाच्या घड्या, एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेली दुलई पसरून ठेवलेली, जणू बघायलाच. कुसाबाई, भावकीतल्या आणखी तीन बाया आणि मध्ये हर्षाली. तिने हातात गुलाबी रबरी मोजे घातले होते, डोक्याला ओढणी बांधली होती. खताच्या गोण्या बाहेरच्या पडवीत गेल्या होत्या. त्या संतोषने आणि रविराजने अर्ध्या तासात हलवल्या होत्या. त्या जागेवरून निघालेला केर दाराशी ढीग करून ठेवला होता आणि हर्षाली मोबाईलवर त्याचा फोटो काढत होती.

"ताई, बघा तरी किती निघालं," ती हसत म्हणाली. तिच्या मनात तेव्हा वाईट असं काही नसावंही. "आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो टाकते ग्रुपवर."

"ठेव तो फोन," सुवर्णा म्हणाली.

जाळी तिने खाली ठेवली. बायांचे हात थांबले.

"कुणाला विचारून माझी पेटी उघडली?"

"ताई, मदतच करतोय ना."

"मदत रविवारी पाहिजे होती. गोधड्या रविवारी नेणार होतीस तू. मग बुधवारी नेणार होतीस. तू नेल्या असत्या तर आई हौदावर गेल्या नसत्या."

हर्षालीचं तोंड लाल झालं. "मी म्हटलं होतं, जमलं तर बघते. आणि आई पडल्या त्याला आता मी जबाबदार का?"

"अगं सुवर्णा," कुसाबाई मध्ये पडली, "ती बिचारी शहरातनं येऊन सकाळपासून राबतीये. सासू तुझ्या घरात पडली. तू नाय म्हणाया पाहिजे होतं म्हातारीला."

"म्हटलं होतं," सुवर्णा म्हणाली. रंगूबाई दाराशेजारी खुर्चीवर बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर. सुवर्णा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आई, तुम्हीच सांगा. सोमवारी संध्याकाळी इथंच, ह्या ओट्यावर, मी नको म्हटलं होतं की नाही? गाठ परत बांधली होती की नाही?"

सगळ्यांनी रंगूबाईकडे बघितलं. दारात संतोष येऊन थांबला होता, त्याच्यामागे रविराज. म्हातारीने दोघांकडे एकदा पाहिलं, मग उशीकडे.

"मला काय याद नाय बाई," ती म्हणाली. "हात लय ठणकतोय."

मग कुसाबाईने हातातला डबा पुन्हा घासायला घेतला आणि त्या आवाजाबरोबर बाकीच्या बायाही कामाला लागल्या. सुवर्णाने साड्या गोळा करून पेटीत कोंबल्या, पेटी ओढत आत नेली. दिवस मावळायच्या आत घर लागलं. भिंती, डबे, फरशी, सगळं लख्ख. उरलेल्या गोधड्या रविराजच्या गाडीतून लाँड्रीत गेल्या. रात्री संतोष पाटावर बसता बसता म्हणाला, "एका दिवसात केलं बघ हर्षालीनं."

"पाच बायांनी केलं," सुवर्णा म्हणाली. "आणि गोण्या तुम्ही हलवल्या."

"तेच ते."

घट बसला. नऊ दिवस रोज माळ, रोज दिवा सांभाळायचा, आणि रोज तोडा. पहाटे गणेशवाडीच्या बाजाराला फुलं जात होती. भाव बरा होता. संतोष खुशीत होता.

सातव्या माळेच्या दुपारी सुवर्णा ओट्यावर सासूची वेणी घालत होती. रंगूबाईचे केस पातळ झाले होते, पण लांब होते. आसपास कुणी नव्हतं. कंगवा दोनदा फिरला असेल.

"तू नको म्हणली होतीस," रंगूबाई म्हणाली. "गाठ बी बांधली होतीस. मला ध्यानात हाय."

सुवर्णाचा हात थांबला. "मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

म्हातारीने प्लास्टरचा हात मांडीवर सारखा केला. "कुसाबाई नादी लावून गेली होती. म्हणली, आपल्या काळात असं नव्हतं. मला बी वाटलं, दावावं करून." मग थोड्या वेळाने, "खरं बोलले असते तर पोरं माझ्यावर उलटली असती. म्हातारीला कुणी सांगितले होते नसते उद्योग, म्हणले असते. ह्या वयात पोरांची बोलणी सोसत नाय गं. तू काय, तुला सवय हाय."

ती हे कुचकेपणाने बोलली नव्हती. चुलीवरची भाकरी जळाली असं सांगावं तसं सांगितलं होतं. ते सुवर्णाला जास्त लागलं.

तिने वेणी पुरी केली, रिबिनीने बांधली, खांद्यावरचे गळालेले केस झटकले आणि उठली.

संध्याकाळी तिने संतोषला सांगितलं. तो मोटरसायकल पुसत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आता काय करू? दवंडी पिटू गावात? सणासुदीचं उकरून काढू नको. म्हातारी आहे, जाऊ दे."

"मला गाडीत काय बोलला होतात ते तरी."

"ते काय मी मनापासून बोललो होतो का?"

त्याने फडका झटकला आणि टबाला वळसा घालून, पाय न धुता आत गेला.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला माणसं आली. घर छान दिसत होतं. रंगूबाईची सिन्नरची बहीण सगळीकडे बघून म्हणाली, "हर्षालीचा हात लागला म्हणून. नाहीतर काय होतं ते आम्ही बघून गेलो होतो." पुढे ही गोष्ट अशीच राहिली. मोठ्या सुनेच्या घरात सासूला गोधड्या धुवाव्या लागल्या, हात मोडला, मग धाकटीने शहरातून येऊन घर काढलं. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, दोन बाया बोलताना सुवर्णा आली की गप्प होत, तेव्हा काय बोलणं चाललं असेल ते तिला कळे.

दिवाळीच्या आधी हर्षालीचा फोन आला. "ताई, साफसफाईला येऊ का?"

"झाली," सुवर्णाने सांगितलं.

खरंच झाली होती. ती आता चारला उठायला लागली होती. चार ते सहा घर, मग बाकीचं. कॉटवर ढीग नसायचा. फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची. संतोष चिखलाचे बूट घेऊन आत गेला की ती मागोमाग फडकं घेऊन जायची, काही न बोलता. आधी ती बोलायची, भांडायची. आता त्याला ते बोलणं नाही याचं बरंच वाटत होतं. मुलांनी मात्र पुस्तकं पसरून अभ्यास करणं बंद केलं. पुस्तक ठेवलेलं दिसलं की आई उचलून ठेवायची, मग मुलं पानं शोधत बसायची. धाकटी एकदा म्हणाली, शाळेतच बरं वाटतं. सुवर्णाने ऐकलं आणि ओटा पुसत राहिली.

दिवाळी झाल्यावर रंगूबाईचं प्लास्टर निघालं. हात वाळून काडी झाला होता, पण बोटं हलत होती. डॉक्टरने सांगितलं, हलकं काम करू द्या, त्याने मोकळा होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा गाईचं पाणी करून आली, तर म्हातारी एका हाताने कमरेला टेकू देत बाहेरची खोली झाडत होती. केर नव्हताच. तरी कोपऱ्याकोपऱ्यातून झाडू फिरवत होती आणि सुनेला बघून जरा हसली.

सुवर्णाने तिच्या हातातून झाडू घेतला.

"राहू द्या. कुणी बघितलं तर मला बोलतील."

"कोण बघतंय? डॉक्टरच म्हणले."

"बसा तुम्ही."

रंगूबाई खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, लसूण आहे का सोलायला. सुवर्णा म्हणाली, सोलून झाला. वाती? वाती विकतच्या आणल्यात. शेंगा? शेंगा फोडायला टाकल्या, मशीनवर. म्हातारीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिला कामाशिवाय कसं होतं हे सुवर्णाला पंधरा वर्षांपासून माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच तिने शेंगा आदल्या दिवशी मशीनवर पाठवल्या होत्या.

"एखादी गोधडी शिवू का गं?" रंगूबाई म्हणाली. "जुन्या साड्या हायेत."

"नको," सुवर्णा म्हणाली. "चिंध्या पडतात घरात."

आणि तिने झाडलेली खोली पुन्हा झाडायला घेतली.